मास्तरांनी जगवलेला जोतीराम

गंगाधर मास्तरांकडं राणी व्हिक्टोरियाच्या अमदानीत छापलेली एक इंग्रजी कादंबरी होती. इतकी जाड, की पाचगणीच्या एका साहेबाच्या लिलावातून ती घरी आणताना पसरणीच्या घाटात उतारालाच बैल बसला. खोटं वाटत असेल तर बैलाला विचारा म्हटलं असतं. पण तो आता नाही, तेव्हा माझंच खरं धरून चला.

त्रेचाळीसच्या दिवाळीनंतर वाईच्या खालच्या अंगाला हंबीररावांचं गुऱ्हाळ लागलं, आणि मास्तर रोज दिवेलागणीला चुलाणाच्या उबेला बसून ती कादंबरी पोरांना सांगू लागले. दुपारी एक प्रकरण वाचायचं, संध्याकाळी मराठीत सांगायचं. पुढं काय आहे ते त्यांनाही ठाऊक नसे. ज्याच्या त्याच्या वयाप्रमाणं वाटणी होती. गुंड्यासारख्या चिल्ल्यापिल्ल्यांना लंडनचं धुकं, जे तिथले लोक विळ्यानं कापून त्याचे भारे बांधतात, आणि एक लंगडं कुत्रं. थोरल्या कोंडीबाला वकील व्हायचं होतं, म्हणून त्याला मृत्युपत्राचा खटला. आणि मधल्यांना ती गिरणीत राबणारी पोर, रशियाच्या लढाईवर गेलेल्या बापाची वाट बघणारी.

त्या बापाचं इंग्रजी नाव काही पोरांच्या जिभेवर बसेना.

"मास्तर, त्येला जोतीराम म्हना की," मनू म्हणाली. "आमचा आबाबी लढाईवरच हाय."

मनू हंबीररावांची पुतणी. तिचा बाप जोतीराम पलटणीबरोबर इटलीत होता. मास्तरांना वाटलं, पोर खूश होतीय, आपलं काय जातंय? जोतीराम तर जोतीराम.

इथंच फसले. मार्गशीर्षात एका दुपारी त्यांनी पुढचं प्रकरण उघडलं, तर लेखकानं त्या बापाला छावणीच्या दवाखान्यात तापानं मारून टाकलेलं. जित्या माणसाच्या नावानं मढं कसं सांगायचं? तेही त्याच्या लेकीपुढं, आणि चिपाडांच्या ढिगाआड तिची आई अंबूबाई कान देऊन बसलेली असताना? मास्तरांनी पुस्तक मिटलं आणि संध्याकाळी जोतीरामचा ताप उतरवला.

मग जोतीराम पायी घराकडं निघाला. लंगडं कुत्रं लंडनहून वास काढत त्याला येऊन मिळालं. वाटेत अस्वलाशी कुस्ती झाली. अस्वल चीत झालं, अंगाची माती झाडून उठलं आणि वाट दाखवायला पुढं चालू लागलं. पोरं हसून लोळायची. मास्तर पुस्तक मांडीवर ठेवून नुसती पानं उलटायचे.

पौषात तार आली. ती वाचायलाही मास्तरच होते. जोतीराम इटलीत कामी आला होता.

अंबूबाईनं कुंकवाला हात लावला नाही. "तारंत चूक हाय. कालच त्येनी नदी वलांडली. तुमीच वाचलंसा न्हवं?"

"अहो, ती गोष्ट आहे. जुनी, इंग्रजी."

"तारबी इंग्रजीच हाय. आन नाव त्येंचंच हाय न्हवं पुस्तकात?"

दहाव्याला वाईहून आणलेले भटजी तसेच परत गेले. हंबीरराव मास्तरांच्या दारात आले, पायरीवरच बसले.

"मास्तर, माज्या भावाचा पिंड आडलाय. कावळ्याला काय सांगू, पुस्तक संपंस्तवर थांब म्हनून? तुमी जगवलासा, आता तुमीच मारा."

त्या संध्याकाळी काहिलीत रस उकळत होता. मास्तरांनी मार्गशीर्षात मिटलेलं ते पान उघडलं आणि कधी नव्हे ते ओळीला ओळ धरून सांगितलं. तंबू, खाट, मागितलेलं पाणी, ते पाणी येईपर्यंत मिटलेले डोळे. अस्वल नव्हतं. नाव तेवढं जोतीरामचंच ठेवलं.

चिपाडांच्या आड दगडावर बांगड्यांची काच फुटली. हंबीररावांनी पटक्याचा शेमला तोंडात कोंबला.

मनू रडली नाही. ती जवळ आली आणि पानावर बोट ठेवून उभी राहिली.

"मास्तर, ह्ये पान तुमी कवा वाचलंसा?"

"मार्गशीर्षात."

"म्हंजी तवापासनं तुमाला ठावं हुतं."

"मनू, अगं, तो माणूस निराळा. ते नाव तर आपण..."

"आन तरी तुमी आमाला अस्वलाचं सांगून हसवत हुतासा."

  गुंड्यानं मास्तरांचं धोतर ओढलं.

"मास्तर, आन कुत्रं?"

"माहीत नाही रे." हे मात्र अगदी खरं होतं. त्या पानापुढं त्यांनी पुस्तक वाचलंच नव्हतं.

मनूनं गुंड्याचा हात धरला आणि त्याला उठवलं. "मेलं आसंल," ती म्हणाली. "मास्तर मागनं सांगत्यात."