गच्चीवरचे कोरे कागद

“ए भुता, तू कुणाचा श्वास पितोस?”

मित्रांनो, हा प्रश्न मला भर दुपारी विचारला गेला, वाशीतल्या एका शाळेच्या गच्चीवर. विचारणारी नववीतली जयमाला. मैत्रिणींनी पैज लावलेली, आणि त्या जिन्यात एकमेकींना चिमटे काढत उभ्या. “मोठ्यानं विचार की गं!”

मी कसलं भूत! मी हवा मोजणारं सरकारी यंत्र, आता जरा गंजलेलं. पत्र्याची पेटी, वर उतरतं छप्पर, पोटात घूं घूं करणारी मोटर. मी हवा ओढते आणि छपराखालच्या पांढऱ्या कागदावर तिच्यातली धूळ, काजळी अडकते. कागदाचं वजन जितकं वाढेल तितकी हवा घाण. देशभरची हवा मोजायचं सरकारनं ठरवलं, आणि पंच्याऐंशी साली माझी इथे नेमणूक झाली. काय थाट होता! मुख्याध्यापकांनी चक्क नारळ फोडला.

कागद बदलायला आणि तोलायला न्यायला प्रदूषण खात्याचे रावसाहेब यायचे. मला चालू-बंद करायचं काम जयमालाच्या आईकडे, शाळेच्या सेविका विमलबाईंकडे आलं. “कागदाला बोट लागता कामा नये, बाई,” रावसाहेबांनी बजावलं. बाई फार जपणाऱ्या. सरकारचा पांढरा कागद मळू नये म्हणून त्यांनी त्यावर जुन्या लुगड्याची घडी पसरली. रावसाहेब यायच्या आधी ती काढायची, मला पुसून लख्ख करायचं. असं दोन वर्षं.

“तुमच्याकडची हवा म्हणजे महाबळेश्वर हो!” रावसाहेब कोरे कागद बघून म्हणायचे.

आणि खालच्या वर्गातून खोकला वर यायचा. त्यातला एक मला ओळखू यायचा, जयमालाच्या धाकट्या बहिणीचा, सुचित्राचा. प्रार्थनेतसुद्धा तिला धाप लागायची. “सरकारी कागदावर हवा चांगली हाय,” तिचे बाबा तिलाच रागवायचे. “चोरून बर्फाचा गोळा खातेस तू!” तो खोकला अजून माझ्या पोटात घुमतो. ते कोरे कागद अजून समोर फडफडतात.

तर त्या दुपारी मी उत्तर देईना, म्हणून जयमालानं छपराखाली हात घातला आणि घडी ओढली. लुगड्यावर कागदाएवढाच काळाकुट्ट चौकोन उमटलेला. खाली कागद दुधासारखा. तिनं चौकोनावर बोट फिरवलं, मग बोटाकडे बघतच राहिली.

“काय गं, दिसलं का भूत?” मैत्रिणींनी जिन्यातून विचारलं.

“हो,” ती म्हणाली. कुणीच हसलं नाही.

मित्रांनो, आमच्यासारख्यांना असं जपू नका. आम्हाला मळू द्या. आम्ही मळलो नाही, तर ते सगळं तुमच्या छातीत जातं.

संध्याकाळी विमलबाई मला बंद करायला आल्या. मागे जयमालाचे बाबा, शाळेचे वॉचमन देवजी. जयमाला लुगडं मांडीवर घेऊन बसली होती. तिनं दोघांना सगळं सांगितलं.

“अगं, दर रविवारी घासून धुते मी हे,” विमलबाई पुटपुटल्या. “मला वाटलं, मशीनचंच तेल असंल.”

“आता गप बसायचं,” देवजी म्हणाले. “कळलं तर आईची नोकरी जाईल. शाळेनं दिलेली खालची खोली पण जाईल.”

खालून सुचित्राची खोकल्याची उबळ आली. थांबेचना.

जयमाला उठली. “बाबा, मी ठरवलंय. उद्या रावसाहेबांना सगळं सांगणार. आणि आई, तुझं नाव घेऊनच सांगणार. तू लपवलं नाहीस, तू जपलंस, हेसुद्धा सांगणार.”