पाइपावरची खोली

थोरल्याला उभ्या जन्मात कोणाला 'नाही' म्हणता आलं नाही. लहानपणी दुकानदाराने मऊ पडलेले टोमॅटो पिशवीत टाकले तरी मुकाट घेऊन यायचा, आणि आता डोक्यावरचे केस गेले तरी गडी तसाच. बायको म्हणाली चल, की हो. साहेब म्हणाला थांब, की हो. दोघं एकदमच म्हणाले तरी हो, आणि मग स्वतः मधेच अडकून बसायचं, जिन्यात अडकलेल्या कपाटासारखं. लोक म्हणत, काय गुणी मुलगा आहे. त्याची आई म्हणे, गुणी कसला, बुळा आहे. नाही म्हणणाऱ्याशी निदान भांडता येतं. हो म्हणणाऱ्याच्या मागे नुसतं फिरत बसावं लागतं.

आणि ती फिरून फिरून दमली होती.

गल्लीत तिला पाठीमागे फौजदारीण म्हणत. तिला ते ठाऊक होतं, आणि तिची काही हरकत नव्हती. पण गेले काही महिने फौजदारिणीचाही आवाज बसला होता. एका सकाळी तिच्या नवऱ्याची उजवी बाजू गेली. न्हाणीघरात आपल्या पायांनी गेलेला माणूस बाहेर आला तो चौघांच्या हातांवर. निजायच्या खोल्या सगळ्या वर, आणि जिना असा अरुंद की धडधाकट माणसानेही कोपर सांभाळून चढावा. म्हणून पलंग खाली आला, बैठकीच्या खोलीत, अगदी दारासमोर.

सदऱ्याचं वरचं बटण लावल्याशिवाय जो माणूस पेपरवाल्यालाही कधी सामोरा गेला नाही, त्याचं अंग आता दोरीवर चादर टाकून पुसायचं. दोरी मधे झोळ खायची, म्हणून एकाने चादर धरून उभं राहायचं. चादरीच्या अलीकडे नातवंडांचे बूट, पलीकडे आजोबा. दाराची बेल वाजली की ते डोळे मिटून घेत. झोपल्याचं सोंग. कोण आलं, काय बोललं, सगळं त्यांना कळे, पण डोळे उघडत ते दार लागल्यावरच. संसारात ती नवऱ्यावर पुष्कळ चिडली होती, पण त्या मिटलेल्या डोळ्यांवर काही तिला चिडता येईना.

तिला एक खोली हवी होती. फार मोठी नको. एक पलंग, लागून संडास-मोरी, आणि एक दार. मुख्य म्हणजे दार.

घराच्या डाव्या अंगाला थोरल्याच्या गाडीचं गॅरेज, आणि उजव्या अंगाला रस्त्यापासून थेट मागच्या भिंतीपर्यंत एक मोकळी पट्टी. पट्टीला स्वतःचं वेगळं फाटक, चांगलं रुंद. गल्लीत कोणाच्याच घराला दोन फाटकं नव्हती, त्याचा तिला तोरा होता. कोणी वापरत नसलं तरी मोठं कुलूप घालून ठेवलेलं. खोली त्याच पट्टीवर बांधायची ठरली. नकाशा काढणाऱ्याने कागद आणून टेबलावर पसरला. तिची शाळा दुसरीतच सुटलेली, रेघांमधलं तिला काही कळेना, आणि कळत नाही हे तिने कळूही दिलं नाही. ती खुर्ची घेऊन पट्टीवर जाऊन बसली. सकाळी बसली, दुपारी बसली, आणि आत येऊन म्हणाली, "खिडकी तिथे. ह्यांना ऊन पाठीवर यायला हवं, डोळ्यांवर नको."

नकाशेवाला जाताना दारात थोरल्याला म्हणाला, "ड्रेनेजच्या ऑफिसात तेवढं विचारून घ्या, त्या बाजूला त्यांचं काही आहे का."

थोरला म्हणाला, "हो."

तिथून जे थंड पडलं ते पडलंच. ती विचारी, झालं का रे विचारून? तो म्हणे, होतंय, आई. इकडे तिने नणंदेला, जावेला, लांब राहणाऱ्या धाकट्यालासुद्धा फोन करून सांगितलं होतं, ह्यांच्यासाठी नवी खोली बांधतेय. फोनवर सगळे वाहवा म्हणत. घोडं कुठे पेंड खातंय ते मात्र कळेना. शेवटी तिनेच मिस्त्रीला गाठलं आणि कामाला बोलावलं. तेही थोरल्याच्या कानावर घातलं. तो काय म्हणाला ते सांगायला नको.

थोरला कामावर गेला आणि मिस्त्री आला. फक्कीने पांढऱ्या रेघा मारत मारत फुटक्या कुंड्यांपाशी पोचला, कुंड्या बाजूला केल्या, आणि तिथेच उकिडवा बसून राहिला.

"मावशी, हे झाकण बघितलंत?"

"बघितलं की. गटाराचं आहे. गटाराला झाकण असतं."

"एवढं जाड लोखंड घरच्या गटाराला कोण घालतो? आणि तुमची भिंत येते बरोब्बर ह्याच्यावर."

"मग भिंतही जाड घाल."

"मी भिंत घालीन, मावशी. नंतर तुम्ही मला शिव्या घालाल."

"त्या मी आत्ताही घालू शकते."

मिस्त्री हसला, पण फावड्याला काही त्याने हात लावला नाही. शेवटी सुनेने ड्रेनेजच्या ऑफिसात फोन लावला.

दुसऱ्या दिवशी ऑफिसातून एक माणूस आला. पोट सुटलेला, डोळ्यांखाली काळं, बोलण्याचाही कंटाळा आलेला. दुसऱ्या फाटकापाशी उभा राहून म्हणाला, "उघडा." कुलपाची किल्ली कधीच हरवलेली, शिवाय कुलूप गंजून दगड झालेलं. मिस्त्रीने हातोडीचे घाव घालून ते तोडलं.

"हे फाटक कशाला आहे असं वाटलं तुम्हाला?" माणूस म्हणाला. "आमची गाडी आत यायला आहे."

तिचा तोरा तिथेच अर्धा उतरला. उरलेला अर्धा झाकण उचलल्यावर उतरला. असा भपकारा आला की सून नाक धरून आत पळाली. फौजदारीण हलली नाही. डोळ्यांतून पाणी आलं तरी जागची हलली नाही.

"आजी, हा तुमच्या घरचा पाइप नाही. सगळ्या गल्लीचा आहे."

"माझ्या जमिनीतून?"

"तुमच्याच."

"मला विचारलं कोणी?"

"घर घेतानाच्या कागदांत असतं ते. पट्टी तुमचीच, पण खालून पाइप नेण्याचा आणि लागेल तेव्हा खणण्याचा हक्क खात्याचा. वर बांधकाम करायचं नाही."

"म्हणजे घरपट्टी माझी आणि घाण गल्लीची."

"असंच आहे ते," माणूस म्हणाला. त्याला हा टोमणा नवा नसावा.

"आणि बांधलंच तर?"

"पाइप तुंबला की आम्ही येणार. मधे भिंत असली तर भिंत फोडणार. आत आजारी माणूस असला तर त्याला बाहेर काढणार."

"मग पाइपच सरकवा जरा तिकडे."

"उतार बघून टाकलाय तो. पाणी कोणाचं ऐकून चढावर जात नाही, आजी." त्याने झाकण पुन्हा बसवलं आणि त्यावर लाल रंगाची फुली मारली. मग हात पुसत म्हणाला, "आणि हे सगळं मी तुमच्या साहेबांना सांगितलंय की. टक्कल, चष्मा, फार सभ्य. दोनदा येऊन गेले ऑफिसात. मी म्हटलं, वर काही बांधता येणार नाही, समजलं ना? म्हणाले, हो."

मिस्त्री आपल्या ओळंब्याची दोरी उगाच गुंडाळत राहिला. तिने त्या लाल फुलीकडे एकदा बघितलं. शेवटी तिने विचारलं, "मग इथे चालतं तरी काय?"

"कपडे वाळत घाला, कुंड्या ठेवा, गाडी लावा. आम्ही आलो की हलवता येईल ते सगळं चालतं."

आत आली तेव्हा नवऱ्याचे डोळे उघडे होते. खिडकीतून त्यांनी सगळं ऐकलं होतं. जड जिभेने शब्द जुळवत ते म्हणाले, "राहू... दे."

ती पलंगाच्या कडेवर बसली. दूध पातळ दिसलं तर दूधवाल्याला दारातून परत पाठवणारा हा माणूस. शर्टाची इस्त्री मोडली तर पुन्हा करवून घेणारा. ह्यांनी कधी कशाला राहू दे म्हटलं नव्हतं. त्यांच्या आत काहीतरी विझत चाललं होतं, आणि ते तिने हातांनी अडवायचं तर हात आता भरून आले होते.

स्वयंपाकघरात सून भांडी लावत होती.

"तुला माहीत होतं?" तिने विचारलं.

"नाही, आई. पण काही पुढे सरकत नाही एवढं कळत होतं. मी यांना सुरुवातीलाच म्हटलं होतं, आपण गॅरेजची खोली करू."

"मग?"

"म्हणाले, हो."

दोघींनी एकमेकींकडे बघितलं. अंगात त्राण असतं तर हसल्या असत्या.

"मग मला का नाही बोललीस?"

"तुम्ही सगळ्यांना फोन करून नवी खोली, नवी खोली सांगत होता. बाबांना गाडीच्या जागेत ठेवा, असं कोण सांगणार तुम्हाला?"

याला उत्तर होतं. तिच्याकडे सगळ्याला उत्तर असे. पण ते तिने गिळलं आणि गुडघे धरत गॅरेजमध्ये गेली. गाडी कामावर गेलेली. तीन पक्क्या भिंती, कोरडी जमीन, तेलाचा थोडा वास. एका भिंतीच्या पलीकडे खालचं न्हाणीघर. एक पालथी बादली होती, तिच्यावर ती टेकली आणि मिस्त्रीला हाक मारली.

"इथे माणूस राहील का?"

मिस्त्रीने भिंतींवर हात मारून बघितला. "शटर काढून भिंत घालू. तिच्यात दार, खिडकी. न्हाणीघराचं पाणी शेजारीच आहे, जास्त फोडाफोडी नाही."

"ऊन?"

"दुपारनंतर येईल. सकाळी नाही."

"येतं ना? बस झालं."

"तुमची नणंद येणार होती म्हणे, नवी खोली बघायला."

"येऊ दे. म्हणेल, भावाला गॅरेजात घातलं. म्हणू दे. तिला चादर धरावी लागत नाही."

संध्याकाळी थोरला आला. गाडी लावताना पट्टीवरची फुली त्याला दिसली असणार, कारण घरात शिरला तो मांजरासारखा, आणि तडक जिन्याकडे वळला. नवऱ्याचं अंग पुसण्याची वेळ होती. सून पलीकडे पाण्याचं घमेलं घेऊन बसली होती.

"वर कुठे निघालास? इकडे ये. चादर धर."

त्याने पिशवी ठेवली आणि चादरीचं टोक धरलं. याआधी त्याने ते कधी धरलं नव्हतं. अंग पुसायची वेळ झाली की त्याला नेमका कोणाचा तरी फोन यायचा.

"दोनदा गेला होतास म्हणे ऑफिसात," चादरीमागून ती म्हणाली.

त्याने चादरीची मूठ बदलली. मग म्हणाला, "वरच्या साहेबांना भेटणार होतो, आई. म्हटलं काहीतरी मार्ग निघेल."

"आणि मी मिस्त्री आणला तेव्हा?"

"तू खिडकीची जागासुद्धा ठरवलीस. ऊन बघत बसली होतीस. मला सांगवेना."

हे खरं होतं, आणि तिला ते कळलं. कळल्याने रागाची धार गेली आणि नुसतं ओझं राहिलं. तिने नवऱ्याची पाठ कोरडी केली, सदरा घातला, वरचं बटण लावलं. डोळे उघडे ठेवून ते चादरीकडेच बघत होते.

"ऐक," ती म्हणाली. आवाज चढला नाही. "तू वाईट नाहीस. वाईट असतास तर मी पहिल्याच दिवशी ओळखलं असतं. माझं मन मोडवेना म्हणून तू बापाला इतके महिने दारात निजवलंस. याला माया म्हणत नाहीत, याला भित्रेपणा म्हणतात, आणि तो ह्यांनी डोळे मिटून सोसला. उद्या मिस्त्री गॅरेजचं शटर काढतोय, तिथे ह्यांची खोली होणार. गाडी त्या पट्टीवर लाव. खात्याचे लोक आले तर गाडी हलवता येते, तुझा बाप हलवता येत नाही. मी तुला विचारत नाहीये, तेव्हा हो म्हणू नकोस. आणि चादर जरा वर धर, खाली आलीय."