डोईफोड्यांच्या वंशावळीतला साहेब

रांजणावरचं झाकण मांजरानं खणकन पाडलं आणि मोमिनाबादच्या छावणीतली पेंगुळलेली दुपार दचकली. सत्यभामानं मांडीवरच्या लेकीला, रतनला थोपटलं, पण पोर जागीच.

ओट्यावर म्हाळू भाट तिच्या सासरची, डोईफोड्यांची वंशावळ गात होता. वर्षाकाठी यायचा, पूर्वजांची नावं घ्यायचा, सूपभर जवारी घेऊन जायचा. सूप जितकं भरलेलं, तितका पूर्वज शूर. यंदा सूप अर्धंच, म्हणून शत्रूची डोई फोडणारा मूळपुरुष गाढवावर बसला होता.

"म्हाळूबा, मागल्या साली हत्ती हुता की."

"बाई, हत्तीला चारा लई लागतो."

तेवढ्यात तबेल्याकडून केनेडी साहेब आला. साहेब आयर्लंडचा. सत्यभामाचा नवरा सिदू त्याच्या घोड्याचा मोतद्दार. सिदूची चाकरी आणि ही खोली, दोन्ही साहेबाच्या मर्जीवर.

"हमारे नाम का किस्सा बी सुनाव," साहेब ओट्यावर टेकला. "केनेडी का मतलब, बेढब सिर. हमारे पुरखे का सिर टेढा था." हे त्यानं असं सांगितलं, जसं कुणी जहागिरी सांगावी.

'ठाऊक न्हाई' म्हणणाऱ्या भाटाला कोण जेवू घालतं? म्हाळूनं साहेबाकडं पाहिलं, सत्यभामाकडं पाहिलं. एका ओट्यावर दोन यजमान. सत्यभामा डोळ्यांनीच नको नको करीत राहिली. म्हाळूनं सूर लावला.

समुद्रापल्याड एक राजा होता, नारळासारख्या गोल डोक्याचा. एक डोईफोडे गाढवावर बसून तिकडं गेला. म्हशीवरून दोघांचं वाजलं. डोईफोड्यानं काठी हाणली. तवापासून त्या घराण्याची डोकी वाकडी.

तबेल्याच्या दारात सिदूच्या हातातला घोडा घासायचा खरारा गळून पडला. "म्हाळ्या, खाल्लीस बे माझी चाकरी."

साहेबानं टोपी काढली. डोकं चाचपलं. सत्यभामा मनातल्या मनात भांडी बांधू लागली.

"हमारी दादी बी यही बोलती थी," साहेब हळूच म्हणाला, "कोई बाहर का आदमी मारा." आणि पोट धरून हसत सुटला. हसता हसताच त्यानं घोड्याच्या हरभऱ्यातलं एक पोतं म्हाळूला द्यायला लावलं. पोतं झोळीशी टेकायच्या आत मूळपुरुष पुन्हा हत्तीवर चढला.

सत्यभामानं सोडलेला श्वास रतनच्या केसांत शिरला. पोरीनं मान वर केली.

"माय, त्या राजाला लई लागलं आसंल ना? मग त्याला कुणी थोपटलं?"