बेचाळीस मेंढरांची प्रमाणपत्रं

परीक्षक म्हणून बोलावणं आलं, तेव्हाच मी ठरवलं होतं की खराडे सरांच्या शाळेला शून्य द्यायचं. व्हिडिओ कसा का असेना. यमाईदेवीनं औंधच्या डोंगरावरून उतरून स्वतः कॅमेरा धरला असता, तरी शून्यच. परीक्षकानं असं करू नये, हे मला कळतं. पण माझ्या नातीशी ते जसं वागले, तसं मास्तरानं तरी वागावं का?

झालं होतं असं. गेल्या वर्षी सातारा-सांगलीकडच्या शाळांची व्हिडिओ स्पर्धा विट्याच्या बाजूला खराडे सरांच्या हायस्कुलात भरली. माझी नात उत्कर्षा तेव्हा नववीत. तिनं आमच्या मेंढरांचा अकरा मिनिटांचा व्हिडिओ केला. वडूजच्या माळावरून निघून मिरजेकडच्या रानांत आम्ही खतासाठी मेंढरं बसवायला जातो, तो सगळा रस्ता. मोबाइल काठीला बांधून पोरगी कळपाच्या पायातनं शूट करत चालायची. एकदा एका मेंढीनं मोबाइल तोंडात धरून अर्धा मैल नेला, आणि चित्र एवढंसुद्धा हललं नाही. खोटं वाटत असेल तर मेंढीला विचारा.

खराडे सर स्पर्धेचे प्रमुख. त्यांनी दोन मिनिटं बघून व्हिडिओ बंद केला आणि भर हॉलात माइकवरून म्हणाले, "बाळ, निवेदन नाही, संगीत नाही, नुसती मेंढरं चालतायत. हा प्रोजेक्ट आहे की जनावरांचा बाजार?" हॉल हसला. पेन ड्राइव्हसुद्धा परत दिला नाही. त्या दिवसापासून पोरीनं एक फोटो काढला नाही. माझ्या म्हातारीनं, हरणाबाईनं, नव्या लुगड्यातला फोटो काढ म्हणून गळ घातली, तर म्हणाली, "मला न्हाई गं आज्जी त्यातलं काय जमत." तेव्हापासून खराडे सर मला भातातल्या खड्यासारखे दाताखाली यायला लागले.

यंदाही स्पर्धा त्याच शाळेत, विषय लोकसंस्कृती. मी पन्नास वर्षं धनगरांच्या गजीनृत्यात नाचलेला, शाळाशाळांत गोष्टी सांगत फिरणारा. खराडे सरांचाच फोन आला. "तात्याबा, परीक्षक म्हणून या. आणि फेटा बांधून या, फोटो चांगला येतो." मी कुणाचा आजा, हे त्यांना ठाऊक नव्हतं. मी तरी कशाला सांगतोय!

उत्कर्षाला म्हणालो, "चल बरूबर. गुणांचा कागद भराय लागतोय. मला बारीक अक्षर दिसत न्हाई."

"आबा, रोज पेपर वाचता की तुमी!"

"पेपरात खोटं आसतंय. ते दिसतंय मला."

आली बिचारी. मागच्या रांगेत मान खाली घालून बसली.

माझ्या शेजारी दुसरे परीक्षक, जिनेंद्र मगदूम. सांगलीच्या कॉलेजात शिकवणारे, कमी बोलणारे गृहस्थ. सोळा व्हिडिओ झाले. शेवटी खराडे सरांच्या शाळेचा. तो जुळवणारी दहावीतली सोनिया नावाची मुलगी लॅपटॉपवर बसली होती. ड्रोन काय, ढोल काय, जाड आवाजातलं निवेदन काय! मी पेन्सिलीनं शून्य काढून ठेवलं होतं, ते नुसतं गिरवत होतो.

चौथ्या मिनिटाला पडदाभर एका मेंढ्याचं तोंड आलं.

माझ्या हातातली पेन्सिल मोडली. तो सरदार होता. माझा सरदार! आम्हा धनगरांत घरागणिक कान कातरायची खूण वेगळी. आमची म्हणजे डाव्या कानाला दोन खाचा आणि उजव्याचं टोक उडवलेलं. आणि खूण नसती तरी काय? आपल्या लेकराचं तोंड कुणी विसरतं का? मागोमाग बांडी आली, मोरी आली, भिंगरी आली. उत्कर्षाचा कळप सरांच्या ढोलावर चालत होता. मागं वळून बघितलं, तर पोरगी दोन्ही हातांनी बाक धरून उभी.

मगदूमांच्या कानात सांगितलं असतं, तर काम भागलं असतं. पण मला माइक पाहिजे होता. व्हिडिओ संपला तसा मी तो मागून घेतला.

"सर, मेंढा लय देखणा घावला. कुटं घावला?"

"आमच्या मुलांनी चार दिवस माळावर मुक्काम केला, तात्याबा."

"कवा?"

"यंदाच्या दिवाळीच्या सुट्टीत."

"आन् तुमी?"

"मी स्वतः होतो! हा मेंढा अंगावर आला माझ्या. शिंगं धरून थोपवला."

"एका हातानं?"

"दोन्ही हातांनी!" सरांनी हात वर करून दाखवले. टाळ्या पडल्या. मी पण वाजवल्या. माणूस उंच चढला की पडताना जरा बरा आवाज येतो.

"मग सर, तुमास्नी दंडवत घालाय पायजे. ह्यो मेंढा गेल्या शिमग्याला उसाच्या ट्रॅक्टरखाली गेला. मी आन् माझ्या म्हातारीनं खड्डा काढून पुरला. आन् तुमी दिवाळीला त्याची शिंगं धरली!"

हॉल हशानं फुटला. सर लाल झाले. "तात्याबा, तुमचा गैरसमज होतोय. मेंढरं काय, सगळी सारखीच दिसतात."

"तुमच्या वर्गातली पोरं दिसत्यात का सारखी?"

मी कानाची खूण सांगितली. मगदूमांनी चित्र थांबवायला लावून एकेक कान मोठा करून बघितला. बेचाळीस मेंढरं, सगळ्यांना तीच खूण. मग ते सोनियाला एवढंच म्हणाले, "बेटा, संगीत आणि निवेदन बंद करून नुसता मूळ आवाज लाव."

तिनं ढोल आणि निवेदन बंद केलं. आणि भिंतीएवढ्या स्पीकरमधून माझी हरणाबाई ओरडली, "आवं, कुटं निजलाय? सरदार शिरला की लोकाच्या मक्यात!"

मला पन्नास वर्षांत तिचा आवाज एवढा गोड कधी लागला नव्हता.

सोनिया उठून उभी राहिली. तोंड रडवेलं. "सर, तुम्ही तर म्हणालात, हे शाळेच्या जुन्या साठ्यातलं आहे."

खराडे सर माझ्याजवळ आले, हळूच म्हणाले, "तात्याबा, घरी येऊन माफी मागतो. इथं नको. नोकरीचा प्रश्न आहे."

"न्हाई. हसवलं इथं, तवा फेडायचं बी इथंच."

मगदूमांनी तो व्हिडिओ बाद केला. मग सरांच्याच कपाटातून पेन ड्राइव्ह काढून उत्कर्षाची अकरा मिनिटं दाखवली. ना ढोल, ना निवेदन. सर पहिल्या रांगेत, मी त्यांच्या शेजारी. त्यांनी मान खाली घातली की मी कोपरानं ढोसायचो. "बगा की सर. नुसती मेंढरं चालत्यात." संपल्यावर हॉल उभा राहिला.

मगदूम म्हणाले, "मागच्या वर्षीचा व्हिडिओ, यंदाचा नंबर देता येत नाही. पण विशेष प्रमाणपत्र देऊ." प्रमाणपत्रं लिहायचं काम खराडे सरांचं, कारण अक्षर मोत्यासारखं. त्यांनी उत्कर्षाचं नाव लिहिलं. मी नियमांचा कागद पुढं सरकवला. मोठ्या अक्षरात होता, मला बरोबर दिसला. 'चित्रीकरणात सहभागी प्रत्येक कलाकारास प्रमाणपत्र देण्यात येईल.'

"तात्याबा, ते माणसांसाठी आहे."

"माणसासाटी आसं कुटं लिवलंय?"

मगदूमांनी चष्मा काढून कागद नीट वाचला आणि गंभीर तोंडानं म्हणाले, "नाही लिहिलेलं."

"घ्या लिवून. कुमारी बांडी. कुमारी मोरी. भिंगरीला श्रीमती लावा, दोन लेकरांची आय हाय ती. सरदारच्या म्होरं कैलासवासी."

सर लिहीत होते. घाम कागदावर पडला की मी तो कागद फाडून दुसरा द्यायचो. पोरं खिडक्यांना लोंबकळून बघत होती. तिसाव्या नावाला सरांची बोटं वाकडी झाली. आणि मागच्या रांगेतून उत्कर्षा पुढं आली, सोनियाजवळचा कॅमेरा मागून घेतला आणि सरांच्या बोटांवर धरला. हात एवढासुद्धा हलत नव्हता तिचा.

बेचाळिसावं नाव झालं तसे सर पेन ठेवायला लागले.

"आबा, बास करा की आता," कॅमेऱ्यामागून उत्कर्षा म्हणाली. पण कॅमेरा काही तिनं खाली घेतला नाही.

"थांब गं," मी म्हणालो. "आजून कोकरं ऱ्हायलीत."