सारसस्वारणीचा पाय

प्लास्टर घट्ट व्हायला बारा मिनिटं लागतात. सहा वर्षांत तिची कादंबरी जी काही वाढली, ती अशा बारा-बारा मिनिटांच्या घासांवर वाढली.

कृत्रिम पाय बनवणाऱ्या कार्यशाळेत ती मापं घ्यायची. उरलेल्या पायावर पातळ मोजा चढवायचा. हाड कुठं टोचतं, भार कुठं सोसतो, ते जांभळ्या पेन्सिलीनं मोज्यावर आखायचं. वरून प्लास्टरच्या ओल्या पट्ट्या गुंडाळायच्या, आणि मग थांबायचं. त्या थांबण्यात तिच्या मनातलं ढगांचं राज्य उघडायचं. तिथली माणसं हत्तीएवढ्या सारस पक्ष्यांवर बसून गावोगाव जायची. जेवणाच्या सुट्टीत डाव्या हातात पोळी, उजव्या हातात पेन. वहीला प्लास्टरची पांढरी बोटं आणि डब्याला शाईची.

घरी सासूबाई विचारायच्या, "सूनबाई, तुझा राक्षस मेला का गं? मेला असेल तर तेवढे कपडे वाळत घाल." नवरा तिचा पहिला वाचक. गंभीर चेहरा करून म्हणायचा, "युद्ध झकास जमलंय. पण तुझं सैन्य तीन दिवस जेवलेलं नाही." तेव्हापासून तिच्या सैन्यामागून मोठमोठी पातेली घेतलेले आचारी उडू लागले.

आता एका प्रकाशिकेनं हस्तलिखित वाचलं होतं. आवडलंही होतं. "फक्त शेवट कच्चा आहे," ती म्हणाली होती. "शुक्रवारपर्यंत पक्का करून द्या. नाहीतर मग पुढच्या वर्षीच बघू."

शेवट तिच्या डोक्यात होता. लढाईत पाय गमावलेली सारसस्वारण जादूच्या झऱ्यापाशी पोचते, एवढं ठरलेलं. त्या क्षणाचं वाक्य मात्र काही केल्या हाती लागत नव्हतं.

सोमवारी कंडक्टरबाई मापाला आल्या. सव्वीस वर्षं बसमध्ये उभ्यानं काढलेली बाई, आवाज खणखणीत. न भरलेल्या जखमेपायी एक पाय गुडघ्याखालून गेलेला. सूज उतरेना म्हणून दोनदा परत जावं लागलं होतं, ही तिसरी खेप. प्रत्येक खेपेला त्या गोष्टीचा पुढचा भाग ऐकायच्या आणि बजावायच्या, "पुढच्या वेळी त्या पोरीला मारून ठेवू नकोस, सांगून ठेवते."

ती मोज्यावर खुणा करत होती आणि अवचित ते वाक्य आलं. वही लांब, हात ओले, पेन्सिल मात्र बोटांतच. तिनं गुडघ्याखाली, बाहेरच्या बाजूला, बाईंना दिसणार नाही अशा जागी बारीक अक्षरांत ते लिहून टाकलं आणि वर पट्ट्या गुंडाळल्या. मोज्यावरची प्रत्येक खूण प्लास्टरच्या साच्यात उतरते आणि साच्यातून त्यात ओतलेल्या पायाच्या ठोकळ्यावर, हे तिनं आजवर प्रत्येक नव्या कामगाराला शिकवलं होतं. त्या आनंदात ती स्वतःच विसरली.

गुरुवारी पाय चढवून बघायचा होता. बाई उठल्या आणि लगेच खाली बसल्या. "बाहेरून टोचतंय गं. सुई लावल्यासारखं."

ठोकळे घासणाऱ्या म्हाताऱ्या कारागिराला सगळे कानसदादा म्हणत. दादांनी डोकं खाजवलं. "टोचणारच. हाडाला जागा सुटावी म्हणून ठोकळ्यावर जादा थर देतो, तो तिथं मी चढवलाच नाही. ताई, तुम्ही काहीतरी लिहून ठेवलेलं होतं ना? म्हटलं, सूचना असेल, झाकली जायला नको." आत जाऊन त्यांनी बाईंच्या पायाचा पांढरा ठोकळा आणला. "'झऱ्याचं पाणी' असं काहीतरी लिहिलंय बघा. म्हटलं, नवीन रसायन आलंय की काय!"

बाईंनी हात पुढे केला. ठोकळा मांडीवर घेऊन, चष्मा वर सरकवून त्यांनी मोठ्यानं वाचलं.

"झऱ्याचं पाणी लागलं आणि तिचा पाय पुन्हा उगवला."

तिला वाटलं, जमीन दुभंगेल तर बरं.

"मावशी, चुकलं माझं. हात ओले होते, वाक्य निसटेल म्हणून..."

"उगवला?" बाई म्हणाल्या.

"गोष्टीत, मावशी."

"कळलं गं, मी काय कुक्कुलं बाळ आहे? माझ्या पायावर लिहिलंस त्याचा राग नाही मला. सव्वीस वर्षं लोकांनी माझ्या बसवर काय काय लिहिलंय!" त्यांचा आवाज खाली आला. "पण तीन खेपा मी त्या पोरीच्या मागं बसून उडतेय. आता तिला पाय फुटणार, ती जाणार निघून. आणि मी इथं, या बाकावर."

सहा वर्षांत तिनं कितीतरी पाय हातात घेतले होते, आणि हे तिला सुचलं नव्हतं.

"मग काय देऊ तिला?"

"मला काय विचारतेस? तुझं राज्य, तुझी पाखरं." बाईंनी ठोकळ्यावरून अंगठा फिरवला. "पाय हवा होता गं, खोटं कशाला बोलू? सहा महिने रोज सकाळी पांघरूण उचलून बघायची. आता नाही बघत. आता वेगळंच आठवतं. बस वळायला लागली की दांडा न धरता उभी राहायची मी. वळण डोळ्यांना दिसायच्या आधी अंगाला कळायचं. ते हवंय मला. ते कुठल्या झऱ्यात मिळतं?"

"आणि सारस तर मुळातच एका पायावर उभा असतो," दादा गंभीरपणे म्हणाले. बाईंना आधी ठसका लागला, मग हसू फुटलं, आणि दोघींना डोळे पुसावे लागले.

दादांनी गरम हवेनं नव्या पायाचं प्लास्टिक मऊ करून टोचणारी जागा फुगवली. बाई पुन्हा उभ्या राहिल्या, दोन आडव्या दांड्यांच्या मध्ये. एक पाऊल, दुसरं. दातांत जीभ, आणि हात दांड्यापासून बोटभर वर, धरायचा नाही म्हणून ताठ. ती बघत राहिली. टोकाशी पोचल्यावर बाई वाटेत उभ्या असलेल्या त्या दोघांवर खेकसल्या, "पुढे सरका, दार अडवू नका!"

जेवणाच्या सुट्टीत तिनं डबा उघडलाच नाही. झरा राहिला, पाणी राहिलं. पाणी थंडगार होतं आणि काहीच उगवलं नाही. सारसस्वारण बराच वेळ काठावर बसली. मग पक्ष्यानं मान खाली घातली आणि ती एका पायानं, पिसांना धरत, चुकत, दुसऱ्यांदा प्रयत्न करत वर चढली.

भाचा न्यायला येईपर्यंत बाई बाकावर बसून होत्या. ती वही घेऊन शेजारी टेकली. "ऐकता? उद्या पाठवायचंय."

"वाच."

तिनं वाचलं. डोंगराच्या कड्याशी पक्षी डावीकडे वळतो आणि स्वारणीनं लगाम सोडलेला असतो, तिथवर आली. वाऱ्यात ती गाते:

पायाखाली नाही वाट, वारा माझं अंगण,
तुटलेल्या पावलाला आभाळाचं कोंदण.

तिनं वहीतून वर पाहिलं. बाईंचे डोळे मिटलेले होते, दोन्ही हात मांडीवर मोकळे. आणि बसल्या जागी त्यांचं अंग, अगदी थोडं, डावीकडे झुकलं होतं.

ती आवाज न चढवता पुढे वाचत राहिली.