तुटक्या बिस्किटांचं घर

मी जाडी असणं ही आमच्या घरात अभिमानाची गोष्ट होती. पप्पा आनंदनगरला एका बिस्किटांच्या कारखान्यात होते आणि तिथली तुटकी बिस्किटं कामगारांना स्वस्तात मिळायची. दर शनिवारी मोठी पिशवी भरून घरी यायची. आमच्या बुवापाड्यात कुणाची नोकरी पक्की आहे हे विचारावं लागत नसे, त्याच्या पोरांकडे बघितलं की कळायचं. माझ्याकडे बघून तर पप्पा मॅनेजर असावेत असं वाटायचं.

आईने बहात्तरच्या दुष्काळात सरकारने वाटलेल्या सुकडीवर दिवस काढले होते. त्यामुळे माझ्या गालांची ती दर अमावास्येला दृष्ट काढायची. पप्पा म्हणायचे, आपण बौद्ध, हे असलं करायचं नाही. आई म्हणायची, दृष्ट लावणाऱ्याला जात-धर्म कळत नाही.

माझं नाव सुजाता. भगवान बुद्धांना खीर देणाऱ्या बाईचं नाव. आमच्या लेझीम पथकाचा किसनदादा म्हणायचा, "आमच्या सुजीने खीर द्यायच्या आधीच चाखून संपवली."

हाच किसनदादा मला पथकात घेत नव्हता आणि मला तर जयंतीच्या मिरवणुकीत लेझीम खेळायचीच होती. पांढरी साडी, निळा फेटा, पहिली रांग. नववीत होते मी, आणि वजन चौऱ्याहत्तर किलो.

"सुजे, अडीच तास मिरवणूक असते," तो म्हणाला. "तू चौकापर्यंत नाचशील. पुढे तुलाच मिरवत न्यायला लागेल."

सगळे हसले. मीही हसले आणि घरी येऊन मोरीत रडले. दुसऱ्या दिवशी सरकारी दवाखाना गाठला.

तिथल्या डॉक्टरीणबाईंनी औषध दिलंच नाही. म्हणाल्या, "उपाशी राहायचं नाही. भाकरी, डाळ, पालेभाजी, अंडं, मासे, सगळं खायचं. तळलेलं आणि गोड कमी. रोज तासभर चालायचं. महिन्याला दोन किलो उतरलं तर शाबासकी, जास्त उतरलं तर मी ओरडेन. बिस्किटं किती खातेस?"

"मोजता येत नाहीत बाई. तुटकी असतात."

आईला हे अजिबात पटलं नाही. जी गोळी देत नाही ती कसली डॉक्टर? आणि बापाच्या घामाच्या बिस्किटाला नाही म्हणणारी मुलगी कसली? पण मी हट्टाला पेटले होते. शाळा दुपारची होती, म्हणून सकाळी चालायला निघायचे. डिसेंबरात रेल्वेचा पूल येईपर्यंत माझ्या छातीचा भाता व्हायचा. जानेवारीत पूल चढून गेले. फेब्रुवारीत पलीकडे उतरून परत येऊ लागले आणि पंजाबी ड्रेसला दोन्ही बाजूंनी टीप घालावी लागली.

टीप मी घातली आणि बोभाटा चाळीत झाला.

एका दुपारी समोरच्या गोजरबाई डबा घेऊन आल्या. डब्यात बोंबलाचं कालवण होतं.

"अंजने, लाजू नको," त्या आईला म्हणाल्या. "भीमरावची कंपनी बंद पडली ना? पोरीच्या अंगावरून कळतंय समदं."

आईचा पारा असा चढला की बोंबील परत शिजले असते. तिने त्याच संध्याकाळी चाळीतल्या झाडून सगळ्या बायकांना चहाला बोलावलं आणि ताटं भरभरून बिस्किटं ठेवली. मला मधोमध बसवलं.

"खा," ती दात खाऊन म्हणाली.

मी नाही खाल्लं. मी त्या दिवशी पुरते अठ्ठेचाळीस डोळे पचवले, ते पुष्कळ होतं. नवल म्हणजे पप्पा. ते कधी खाण्याचा आग्रह करत नसत. पण त्या दिवसापासून रोज माझ्यासमोर ताटली धरायचे. "खा गं सुजे. दोन तरी खा. दारात बसून खा."

मला वाटलं, झालं, कारखान्याची अब्रू आता माझ्या पोटावर आहे. मला त्यांचा भयंकर राग आला.

मार्चमध्ये मी ठरवलं, आता थेट आनंदनगरपर्यंत चालत जायचं. कंपनीच्या गेटवर उभं राहून पप्पांना बाहेर बोलवायचं आणि म्हणायचं, बघा, तुमची मुलगी कुठवर आली. पप्पा सातला डबा घेऊन निघाले की मागून मी निघायचं. निघाले. घामाघूम झाले, पण एकदाही बसले नाही.

गेटला साखळी होती. साखळीला कुलूप, आणि कुलपावर गंज चढायला लागला होता.

"दीड महिना झाला बंद होऊन," आत स्टुलावर बसलेला वॉचमन म्हणाला. "तुमको किससे मिलना है?"

मी वळले. भिंत संपते तिथे नाल्यावर छोटा पूल होता आणि त्याच्या कठड्यावर पप्पा बसले होते. शेजारी उल्हासनगरच्या कुठल्याशा होलसेल दुकानाची पिशवी. ते पुडा फोडत होते, एकेक बिस्किट काढत होते आणि मोडत होते. एक मोडलं, बघितलं, बरोबर दोन सारखे तुकडे झाले होते, ते त्यांना पसंत पडलं नाही. कारखान्यातलं बिस्किट असं नेमाने मोडत नाही. त्यांनी त्याचा कोपरा आणखी उडवला. बिस्किटावर नाव छापलेलं असतं, ते नाव दुसऱ्या कंपनीचं होतं. अक्षरं जुळू नयेत एवढे बारीक तुकडे ते करत होते.

त्यांनी वर बघितलं.

"बुवापाड्यापासून चालत आलीस?" ते म्हणाले.

"हो."

"एकदम? न थांबता?"

"हो पप्पा."

त्यांचे डोळे भरले. मी चालले म्हणून की मी बघितलं म्हणून, ते मी कधीच विचारलं नाही.

"तू बारीक व्हायला लागलीस तेव्हा मी घाबरलो," ते म्हणाले. "वाटलं, हिला कळलं. घरी खर्च नको म्हणून खात नाही."

मला रडू आलं, आणि महिनाभर जपलेला राग कुठे ठेवावा ते कळेना. मी म्हटलं, "मी तुमच्यासाठी जाडी होणार नाही हां पप्पा."

"नको होऊस."

"आणि तुम्ही हे मोडत बसू नका."

त्यांनी हातातला पुडा पिशवीत टाकला. पिशवी मी घेतली, डबा त्यांनी, आणि दोघं चालत घरी आलो.

पप्पांनी आईला सांगितलं तेव्हा ती भाकरी थापत होती. हात न थांबवता म्हणाली, "माहीत आहे. प्रौढ शिक्षणाच्या वर्गाला तुम्हीच पाठवलंत ना? एवढेसे तुकडे जुळवूनही नाव वाचता येतं मला."

एप्रिलमध्ये माझं वजन सदुसष्ट भरलं. हडकुळी झाले नव्हते, होणारही नव्हते. पण किसनदादासमोर दोन तास लेझीम खेळले आणि त्याने मुकाट्याने निळा फेटा हातात दिला. रांग तिसरी मिळाली. घेतली.

मिरवणुकीत दरवर्षी प्रत्येक घर काहीतरी वाटतं. कुणी सरबत, कुणी खीर. आमचं घर तुटकी बिस्किटं वाटायचं. यंदा पप्पा परात घेऊन उभे होते आणि परातीत अख्खी बिस्किटं होती, नाव वरच्या बाजूला.

"जय भीम, भीमराव!" गोजरबाईंनी दोन उचलली. "साबूत बिस्किटं! परमोशन झालं म्हणा की!"

"कंपनी बंद पडलीय, गोजरमावशी," पप्पा सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले. "दुसरीकडे काम बघतोय."

गोजरबाई पोट धरून हसल्या. "काय पण थट्टा! कंपनी बंद असती तर पोरगी अडीच तास अशी नाचली असती व्हय?"

पप्पांनी माझ्याकडे बघितलं. सांगितलेलं खरं कुणी घेत नव्हतं आणि परातीतलं बिस्किट मात्र सगळे घेत होते. मिरवणूक क्षणभर थांबली होती. ते रांगेत आले आणि एक बिस्किट माझ्यापुढे धरलं. या वेळी खा म्हणाले नाहीत.

मी ते मोडलं. मोठा तुकडा त्यांना दिला, लहान मी खाल्ला.