अंगठ्याचं नख

"दुर्गाताई, तुम्ही स्वतः घरी भांडी घासता का हो?"

विचारलं एकदाचं! मागच्या सोफ्यावर माझ्या मैत्रिणी महेश्वरी आणि सिद्धेश्वरी एकमेकींच्या खांद्यात तोंड खुपसून फिदीफिदी हसत होत्या. पैज त्यांचीच. पार्लरवाल्या दुर्गाताईंची जेलची नखं तीन-तीन आठवडे काचेसारखी राहतात आणि माझ्या नखांचे आठवड्यात टवके उडतात, म्हणजे त्यांच्याकडे कामाला बाई असणारच, असं या दोघींचं ठाम मत. "हिंमत असेल तर विचारून दाखव की!" मागच्या वर्षीची देवयानी लाल होऊन गप्प बसली असती. पण यंदा गॅदरिंगला अख्ख्या शाळेसमोर निवेदन केल्यापासून मला कुणाचीच भीती वाटेनाशी झालीय.

दुर्गाताई रागावल्या नाहीत. "घासते की. दोन्ही वेळची. हातमोजे घालून. तू घालतेस का?"

"घालते."

"नखांच्या कडेला रोज तेल?"

"लावते. झोपताना."

"दाताने कुरतडणं, स्टिकर खरवडणं?"

"नाही हो!"

माझे हात दिव्याखाली उलटेपालटे करून त्या बुचकळ्यात पडल्या. आठ नखं ठणठणीत होती. फुटले होते ते दोन अंगठे. त्यांनी ते नीट करून दिले, जेलचा शेवटचा हात नखाच्या टोकावरून खाली ओढून टोकं बंद केली आणि म्हणाल्या, "माझ्याकडून पक्कं आहे. आता तू या अंगठ्यांनी घरी काय करतेस ते तूच बघ. नख म्हणजे हत्यार नव्हे."

मला ही नखं पुढच्या रविवारपर्यंत टिकवायचीच होती. माढ्याला माझ्या मावसबहिणीचं, वैष्णवीताईचं लग्न आणि मी करवली. करवली म्हणजे नवरीच्या मागे करा-दिवा धरून उभं राहायचं. फोटोत करवलीचं तोंड कापलं जाईल एखाद्या वेळेस, पण हात? हात प्रत्येक फोटोत!

त्याच संध्याकाळी मला उत्तर सापडलं. टीव्हीसमोर वर्तमानपत्र पसरलेलं, शेजारी मावशीनं पाठवलेलं शेंगांचं पोतं. लग्नातली शेंगाचटणी म्हटली की ती आईनंच करायची, हे आमच्या नात्यात ठरलेलं. आई आणि मी रोज बसतो. शेंगेच्या टोकात अंगठ्याचं नख रोवायचं, टचकन दाबायचं, दाणे सुपात, टरफलं कागदावर. टच. टच. टच. आणि माझ्या डोळ्यांदेखत नव्याकोऱ्या अंगठ्यावरून केशरी टवका उडून सुपात पडला.

"आई! शेंगा! शेंगांनी होतंय हे!"

"मग सावकाश फोड," आई म्हणाली.

माझा दादा ओजस, जो कॉलेजला जातो आणि जिमलाही, त्यानं मधल्या मधे हात घालून सुपातले मूठभर दाणे उचलले.

"तू फोड की चार," मी म्हणाले.

"छे! मला नाही जमत असली बारीक कामं."

वजनं उचलायला जमतात, शेंग नाही जमत! खायला मात्र बरोबर जमते. आणि खाऊन वर, "तुझा नेलपेंटचा तुकडा आला माझ्या तोंडात. थू!"

खुर्चीत बसलेले अप्पा, म्हणजे माझे वडील, हसले. त्यांनीही खाली वाकून दाणे उचलले. "एवढी नाजूक नखं कशाला पायजेत? काढून टाक. करवलीची नखं कोण बघायला बसलंय? मुलीच्या जातीला कामाची नखं बरी."

आणि हे बोलताना अप्पा काय करत होते? उजव्या करंगळीचं नख कानात घालून फिरवत होते! चांगलं पेराएवढं लांब, पिवळसर, टोकदार नख. मला आठवतंय तेव्हापासून आहे. पाकीट त्यानंच फाडायचं, डब्याचं झाकण त्यानंच उचकटायचं. त्याला कुणी कधी नाजूक म्हटलं नाही.

"अप्पा, ते काय आहे मग?"

"काय?"

"करंगळीला."

त्यांनी नखाकडे असं पाहिलं, जणू आताच उगवलंय. "ते... ते सोयीचं आहे."

"लई सोयीचं दिसतंय!"

आई पदर तोंडाला लावून हसायला लागली, आणि तेव्हा मला तिचा अंगठा दिसला. नख मधोमध उभं चिरलेलं, चिरेत काळी रेघ. रोज बघते की मी तो. मला वाटायचं, जन्मतःच आहे.

"आई, हे कशानं?"

"कशानं काय? शेंगांनीच. तुझ्याएवढी होते तेव्हा आमच्याकडे पोत्यांवर पोती असायची. एकदा चिरलं ते पुन्हा जुळलंच नाही बघ."

"आणि मामा? मामा फोडायचा?"

"मामा? त्यो कशाला फोडंल?" आईनं हे इतकं सहज म्हटलं, की माझी कानशिलं तापली. तिला राग नव्हता आला. कधीच आला नव्हता! मग तिच्या वाटचाही मलाच आला.

मी उठले. सूप उचललं, दादाच्या मांडीवर ठेवलं. टीव्ही बंद केला. पोतं फरफटत नेऊन अप्पांच्या खुर्चीपाशी टेकवलं.

"आता हे काय गं?" आई घाबरून म्हणाली.

"आई, अप्पा, दोघंही ऐका. माझं ठरलंय. नखं मी काढणार नाही. पोतं संपेपर्यंत शेंगा अप्पा आणि दादा फोडणार. अप्पा, तुम्ही ते नख कापू नका, त्याच्याइतकं भारी हत्यार या घरात दुसरं नाही. चटणी आम्ही दोघी करू. आणि लग्नाला निघायच्या आदल्या दिवशी मी दुर्गाताईंकडे जाणार, पण एकटी नाही. आईला घेऊन. तिचा अंगठा दाखवायचाय."